असिसीचे फ्रान्सिस आणि त्यांचे धाकटे भाऊ

आचार प्रकरणाचे चिंतन करणाऱ्या साधकाला एक शंका वारंवार येते. नित्य भिक्षा, अटन, वृक्षातळी आसन, संग्रहाचा त्याग हे सर्व एकट्या विरक्ताला साधेल. परंतु त्याच्यामागे दहा जण आले, दहांचे शंभर झाले, त्यांत वृद्ध आले, रोगी आले, ग्रंथ बाळगणारे पंडित आले, म्हणजे त्या अपरिग्रहाचे काय होते? आपल्या मार्गात या शंकेचा विचार पूर्वाचार्यांनी पुष्कळ केला आहे व वाचकांस तो अवगत आहे. श्रीचक्रधरस्वामींचे गंगातीरी परिभ्रमण चालू होते त्याच्या काही दशके आधी, त्याच तेराव्या शतकात, हीच शंका इटली देशातील एका डोंगराळ मुलखात मोठ्या तीव्रतेने उभी राहिली होती. ज्यांच्यापुढे ती उभी राहिली त्या फ्रान्सिस नामक ख्रिस्ती विरक्ताचे चरित्र प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. त्यांचे दैवत निराळे, तत्त्वज्ञान निराळे. त्या विषयात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. विचार करावयाचा तो त्यांच्या आचाराचा.

मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात सुबासिओ पर्वताच्या उतारावर असिसी हे तटबंदीचे नगर आहे. तेथील कापडाचे धनाढ्य व्यापारी पिएत्रो दि बेर्नार्दोने यांच्या घरी ११८१ किंवा ११८२ साली फ्रान्सिस जन्मले. बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी असे होते. पण पिता फ्रान्स देशाच्या व्यापारयात्रेवरून परतले आणि त्यांनी मुलाला फ्रांचेस्को म्हणावयास सुरुवात केली. तारुण्य उधळेपणात, मेजवान्यांत व गाण्याबजावण्यात गेले. मोठा योद्धा होण्याची हाव होती. १२०२ साली असिसी व पेरुजा या शेजारच्या नगरांत युद्ध झाले, त्यात ते पकडले गेले व सुमारे एक वर्ष बंदीवासात राहिले. सुटून आल्यावर दीर्घ दुखणे झाले. पुन्हा १२०५ च्या सुमारास शस्त्रास्त्रे घेऊन दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले, ते स्पोलेतो गावापर्यंत जाऊन माघारी आले. मन कशातच लागेना. चरित्रकारांनी या काळाचे पुष्कळ वर्णन केले आहे. पण फ्रान्सिसांनी मृत्यूपूर्वी जे मृत्युपत्र सांगितले त्यात या सर्वांचा उल्लेख नाही. आपला पालट कोठून झाला हे सांगताना त्यांनी एकाच गोष्टीचे नाव घेतले, ते कुष्ठरोग्यांचे.

त्या काळी कुष्ठरोग्याला नगराच्या वेशीबाहेर घालवीत. असिसीच्या खालच्या मैदानात त्यांची वसतिस्थाने होती. व्यापाऱ्याच्या या सुखवस्तू पुत्राला त्यांच्या दर्शनाचीही किळस येई. तो नाक धरून दुरून निघून जाई. एके दिवशी घोड्यावरून जाताना समोर कुष्ठरोगी आला. फ्रान्सिस घोड्यावरून उतरले, त्याच्या हातावर नाणे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. पुढे ते त्यांच्या वस्तीत जाऊन राहू लागले, त्यांच्या जखमा धुऊ लागले. जे पूर्वी कडू होते तेच जिवाला व शरीराला गोड झाले, असा त्यांचा स्वतःचा अनुभव आहे. हे नीट ध्यानात घ्यावे. वैराग्य प्रथम व सेवा नंतर असा क्रम येथे नाही. सेवेतूनच वैराग्य उपजले.

नगराबाहेर सान दामिआनो नावाचे एक पडके देवालय होते. त्याच्या डागडुजीसाठी त्यांनी वडिलांच्या दुकानातले कापड फोलिन्यो येथील बाजारात विकले, घोडाही विकला. पिता संतप्त झाले. त्यांनी मुलाला घरात कोंडले आणि शेवटी १२०६ साली बिशपांसमोर वाद नेला. तेथे फ्रान्सिसांनी उरलेला पैसाच नव्हे तर अंगावरची वस्त्रेही उतरवून वडिलांच्या पुढे ठेवली व उघड्या अंगाने उभे राहिले. बिशपांनी आपल्या झग्याने त्यांना झाकले. पित्याची बाजूही येथे विसरू नये. ज्याच्यावर सर्व आशा ठेवल्या तो मुलगा भर सभेत परका झाला. त्या बापाचे दुःख खरेच होते, आणि पुढे पितापुत्रांचा समेट झाल्याचे कोठेही नमूद नाही.

त्यानंतर दोनेक वर्षे ते एकटेच राहिले. पडकी देवळे हातांनी दुरुस्त करीत, दगड मागून आणीत, दारोदार अन्न मागत. ज्या घरांत पूर्वी मेजवान्या झोडल्या त्याच घरांच्या दारी उष्टे मागावयाचे, हे प्रथम फार जड गेले. सर्व प्रकारचे शिळे अन्न एकाच भांड्यात कालवलेले पाहून त्यांना मळमळले होते. आपल्या भिक्षूंना हा अनुभव वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

१२०८ साली पोर्त्सिउंकोला नावाच्या लहानशा देवळात त्यांनी आपल्या धर्मग्रंथातील एक भाग ऐकला. त्यात शिष्यांना प्रचारार्थ पाठविताना सोने, चांदी, झोळी, दुसरे वस्त्र, पादत्राण, काठी यांपैकी काहीही बरोबर न घेण्याची आज्ञा आहे. त्यांनी तेथेच पादत्राणे व काठी टाकली, कातडी पट्टा काढून दोरी बांधली. याच वर्षी त्यांना पहिले सोबती मिळाले. बेर्नार्दो हा नगरातील श्रीमंत गृहस्थ; त्याने सर्व संपत्ती चौकात उभे राहून गरिबांस वाटली. पिएत्रो कात्तानी हा दुसरा. आठवडाभरात एजिदिओ नावाचा साधा तरुण आला. सारे मिळून बारा जण झाले तेव्हा १२०९ साली ते रोमला गेले व पोप तिसरे इनोसंट यांच्यापुढे आपला नियम ठेवला. नियम म्हणजे ग्रंथातील थोडी वाक्ये, इतकेच. इतके कडक जीवन माणसाला झेपणार नाही असे अनेक धर्माधिकाऱ्यांना वाटले. तेव्हा एका कार्डिनलांनी मुद्दा काढला की, हे अशक्य म्हणून नाकारावयाचे तर ग्रंथातील आज्ञाच अशक्य आहे असे म्हणावे लागेल. पोपनी तोंडी संमती दिली.

या बंधूंना जे नाव मिळाले त्याला असिसीत विशेष अर्थ होता. नगरात वरिष्ठांना मायोरेस म्हणजे थोर व सामान्यांना मिनोरेस म्हणजे लहान असे म्हणत आणि या दोन वर्गांत रक्तपात होऊन गेला होता. फ्रान्सिसांनी आपल्या समुदायाला धाकटे भाऊ म्हटले. त्यांच्यात कोणी महंत नाही, कोणी प्रमुख नाही; ज्याच्याकडे व्यवस्था असेल त्याला सेवक म्हणावे आणि त्याने इतरांचे पाय धुवावे, असा नियम केला.

रोमहून परत आल्यावर ते असिसीच्या खालच्या मैदानात रिव्होतोर्तो येथे एका पडक्या झोपडीत राहिले. रिव्होतोर्तो म्हणजे वाकडा ओढा. झोपडी एवढी अरुंद की बसावयास व निजावयासही जागा पुरेना. तेव्हा फ्रान्सिसांनी तुळयांवर एकेकाचे नाव लिहून जागा वाटून दिल्या. कित्येकदा भाकरीही मिळत नसे. शेतकऱ्यांकडून मागून आणलेल्या शेतातल्या कंदांवर दिवस जाई. याच काळात सम्राट चौथा ओट्टो राज्याभिषेकासाठी रोमकडे जाताना जवळच्या रस्त्याने गेला. सारा मुलूख लवाजमा पाहावयास लोटला. फ्रान्सिस झोपडीबाहेर आले नाहीत. एका भावाला मात्र त्यांनी हे वैभव फार दिवस टिकणार नाही एवढे सम्राटाला सांगण्यास पाठविले.

रिव्होतोर्तो येथील एक प्रसंग त्यांच्या सोबत्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितला आहे. मध्यरात्री एक भाऊ ओरडू लागला की आपण मरत आहोत. दिवा लावून विचारले तेव्हा कळले की तो भुकेने मरत आहे. उपवासाचा अतिरेक केला होता. फ्रान्सिसांनी त्याला उपदेश केला नाही. जे काही असेल ते पुढे मांडावयास लावले आणि त्याला एकट्याने खाण्याची लाज वाटू नये म्हणून सर्वांना उठवून त्याच्यासह जेवावयास बसविले. प्रथम घास स्वतः घेतला. मग सर्वांस बजावले की ज्याने त्याने आपल्या प्रकृतीचे मान पाहावे, दुसऱ्याचे पाहून देहदंड करू नये. दुसऱ्या एका आजारी भावाला द्राक्षे खाल्ल्याने बरे वाटेल असे त्यांच्या मनात आले. ते पहाटे उठून त्याला द्राक्षमळ्यात घेऊन गेले आणि वेलीखाली बसून स्वतःही त्याच्याबरोबर खाऊ लागले. स्वतःच्या देहाशी कठोर वागणारा हा पुरुष इतरांच्या देहाविषयी असा मऊ होता.

ती झोपडीही राहिली नाही. एके दिवशी एक शेतकरी गाढव घेऊन आला आणि या लोकांनी जागा बळकावू नये म्हणून त्याने गाढवाला आत घातले. फ्रान्सिस सर्वांसह उठले आणि निघाले. भांडण नाही, हक्क नाही. मग पोर्त्सिउंकोला येथे आश्रय मिळाला. ते देऊळ सुबासिओ पर्वतावरील बेनेदिक्तपंथी मठाचे होते. मठाधिपती कायमचे देऊ करीत होते, पण फ्रान्सिसांनी मालकी नको म्हटले आणि दरवर्षी नदीतील लहान मासळीची एक टोपली भाडे म्हणून मठात पाठविण्याचे ठरविले. मठाकडून उलट तेलाचे भांडे येई. भोवती कुंपण घातले, काटक्यांच्या कुडावर माती लिंपून खोपटी उभारली. जागा दुसऱ्याची आहे हे दरवर्षी आठवावे, हा त्या टोपलीचा हेतू.

या ठिकाणाहून भाऊ भोवतालच्या खेड्यांत जात. काही कुष्ठरोग्यांच्या वस्तीत सेवेला, काही शेतांवर मजुरीला. अंगी कसब असेल त्याने ते चालू ठेवावे, नसेल त्याने शिकावे. कोणाच्या घरी कामास राहिल्यास तेथे कारभारी किंवा देखरेख करणारा होऊ नये, सर्वांत खालचा होऊन राहावे. मोबदल्यात अन्न घ्यावे, पैसा कधीही घेऊ नये. काम करूनही कोणी काही दिले नाही तर दारोदार भिक्षा मागावी. अर्थात भिक्षा ही कामाच्या बदली नव्हती. काम व्यर्थ गेल्यावरचा तो आधार होता. कामाला व भिक्षेला न जाता जेवणाच्या वेळी मात्र हजर राहणारा एक भाऊ होता. फ्रान्सिस त्याला माशी म्हणत. शेवटी त्यांनी त्याला आपल्या वाटेने जाण्यास सांगितले आणि तो गेला.

पैशाविषयी त्यांचा कटाक्ष काहींना अतिरेकी वाटेल. देवळात कोणी ठेवलेले नाणे एका भावाने हाताने उचलून खिडकीत टाकले, तर फ्रान्सिसांनी त्याला ते तोंडाने उचलून बाहेर गाढवाच्या लिदीवर ठेवावयास लावले. व्यापाऱ्याच्या मुलाला नाण्याची सत्ता ठाऊक होती. त्या काळी इटलीच्या नगरांत नाण्याच्या व्यवहाराने नवे श्रीमंत होत होते आणि खेड्यातला कूळ-मजूर कर्जात बुडत होता. त्या नाण्याला लीद समजणे ही त्यांची बाजू घेण्याची रीत होती, असे आम्हांस वाटते.

श्रमाच्या बाबतीत एजिदिओचे चरित्र विशेष पाहण्यासारखे आहे. तो जेथे जाई तेथे हाताने काम करून पोट भरी. ब्रिंदिसी बंदरात जहाजाची वाट पाहावी लागली तेव्हा घागर मिळवून गावात पाणी वाहिले. अन्यत्र टोपल्या विणल्या. रोममध्ये रानातून लाकडे आणून विकली. मिळे त्यातून त्या दिवसापुरती भाकरी घेई. एकदा एक शेतकरी आपले उंच अक्रोडाचे झाड झोडावयास माणूस शोधीत होता. चढण्यास कोणी धजेना. एजिदिओ चढला व वाट्याला इतके अक्रोड आले की झगा काढून त्याची पिशवी करावी लागली. ते सर्व त्याने वाटेतल्या गरिबांना वाटून टाकले.

फ्रान्सिस खेड्यांत फिरताना हाती केरसुणी बाळगीत, कारण खेड्यांतील देवळे अस्वच्छ असत. असिसीजवळच्या एका गावी ते देऊळ झाडीत असता शेतात नांगर धरलेला जोव्हान्नी नावाचा शेतकरी धावत आला. त्याने त्यांच्या हातची केरसुणी घेऊन उरलेले देऊळ झाडले व मार्गात घेण्याची विनंती केली. सर्वस्व गरिबांना देऊन ये असे सांगितल्यावर तो गोठ्यात गेला व आपल्या वाट्याचा एक बैल सोडून घेऊन आला. एवढ्यात आईबाप व लहान भावंडे रडत आली. घर दरिद्री, मुलगाही जाणार व बैलही जाणार. येथे नियमाचे अक्षर पाहणारा गुरू असता तर बैल दुसऱ्या कोणा गरिबाकडे गेला असता. फ्रान्सिसांनी त्या कुटुंबासह जेवण केले आणि जोव्हान्नीला बैल आईबापांनाच परत देण्यास सांगितले, कारण गरीब ते तेच होते. हा भोळा जोव्हान्नी पुढे फ्रान्सिस करतील ते सर्व करी. ते खोकले की हाही खोके, त्यांनी उसासा टाकला की हाही टाकी. सर्वांना हसू येई. तो अल्पकाळातच वारला, आणि त्यानंतर फ्रान्सिस त्याचे नाव नेहमी संत म्हणून घेत.

सेवेतही अहंकार व उणा शब्द शिरतोच. याकोपो नावाचा भाऊ एका अत्यंत जर्जर कुष्ठरोग्याची शुश्रूषा करीत असे. तो त्याला एके दिवशी पोर्त्सिउंकोला येथे घेऊन आला. लोक घाबरतील म्हणून फ्रान्सिसांनी त्याला बोल लावला, आणि तो शब्द त्या रोग्याच्या समोरच गेला. रोगी लाजला असावा, हे लक्षात येताच फ्रान्सिस व्याकुळ झाले. त्यांनी प्रायश्चित्त मागितले, तेही स्वतःच ठरवून. त्या रोग्याबरोबर एकाच ताटात जेवावयाचे. रोग्याची बोटे झडलेली व वाहती होती. घास त्याच ताटात बुडत होता. पाहणारे भाऊ खिन्न झाले, पण कोणी बोलले नाही.

बोर्गो सान सेपोल्क्रो गावाच्या वरच्या डोंगरात भावांचे एक एकान्तस्थान होते. रानात लपून वाटसरूंना लुटणारे काही चोर तेथे भाकरी मागावयास येत. देणे योग्य की अयोग्य याविषयी भावांत मतभेद झाला. फ्रान्सिसांनी त्यांना एक युक्ती सांगितली. चांगली भाकरी व द्राक्षरस घेऊन रानात जावे, त्यांना भाऊ म्हणून हाक मारावी, जमिनीवर वस्त्र पसरून आदराने वाढावे; मग एवढेच मागावे की कोणाला मारू नका. सर्व काही एकदम मागू नये, कारण मग ते काहीच देणार नाहीत. दुसऱ्या दिवशी अंडी व चीजही न्यावे आणि मग हा धंदा सोडण्याविषयी बोलावे. तसे केले. चोर हळूहळू भावांसाठी लाकडे खांद्यावर वाहून आणू लागले. काही त्यांच्यातच अनुसरले, इतरांनी हातच्या श्रमाने जगण्याचे वचन दिले. अशा एकान्तस्थानांसाठी फ्रान्सिसांनी केलेला छोटा नियमही पाहण्यासारखा आहे. तीन-चार भावांनीच एकत्र राहावे. दोघांनी आई व्हावे, इतरांनी मुले. आयांनी अन्न आणावे, बाहेरचा उपद्रव निवारावा. मुलांनी ध्यानात राहावे. आणि काही काळाने मुलांनी आया व्हावे.

१२१२ साली असिसीच्या उमराव घराण्यातील क्लारा घर सोडून आली. तिच्या व तिच्या सोबतिणींच्या वसतीसाठी सान दामिआनो देण्यात आले. क्लारेने दारिद्र्याचा हक्क, म्हणजे काहीही न बाळगण्याची परवानगी, पोपकडून मिळविण्यासाठी पुढे आयुष्यभर झगडा केला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

असो. आता ज्या शंकेने लेखाचा आरंभ केला तिच्याकडे येऊ. समुदाय कल्पनेपलीकडे वाढला. १२१७ साली भाऊ निरनिराळ्या देशांत पाठविण्यात आले. १२२१ च्या मेळाव्याला सुमारे तीन हजार भाऊ जमले, असे तेथे हजर असलेल्या एका भावाने म्हातारपणी सांगितले आहे. आसपासच्या लोकांनी इतके अन्न आणले की ते संपविण्यासाठी मेळावा दोन दिवस लांबवावा लागला. (या पंथाचे चार भिक्षू पुढे १३२१ साली आपल्या ठाणे शहरापर्यंत आले व तेथे मारले गेले, एवढा तो पसरला.) विद्वान आले, धर्माधिकारी आले. त्यांना अभ्यासाला घर हवे, ग्रंथ हवेत, नियमाला मुरड हवी.

फ्रान्सिस बाहेरगावी असता असिसीच्या नगरसभेने पोर्त्सिउंकोला येथे मेळाव्यासाठी दगडचुन्याचे मोठे घर बांधले. परत येताच ते छपरावर चढले आणि कौले काढून खाली टाकू लागले. इतर भावांनाही वर बोलावले. नगराचे शिपाई धावत आले व घर भावांचे नसून नगराचे आहे असे त्यांनी सांगितले, तेव्हाच ते उतरले. बोलोन्या नगरात भावांचे घर झाले आहे हे कानी आले तेव्हा त्यांनी सर्वांना, आजाऱ्यांसह, बाहेर पडण्याचा निरोप पाठविला. कार्डिनल उगोलिनो यांनी ते घर आपल्या मालकीचे असल्याचे जाहीर केल्यावरच भाऊ परत आत गेले. आजाऱ्यांनाही बाहेर काढणे योग्य होते काय? भुकेल्या भावाबरोबर मध्यरात्री जेवणारे फ्रान्सिस आणि हे फ्रान्सिस यांचा मेळ सहज बसत नाही. समुदाय हाताबाहेर जात असल्याची वेदना त्यात दिसते.

एका तरुण भावाला स्तोत्रांची पोथी स्वतःजवळ ठेवावयाची होती. फ्रान्सिसांनी त्याला समजाविले की स्तोत्रपोथी मिळाली म्हणजे त्याला प्रार्थनाग्रंथ हवासा होईल आणि मग उच्चासनावर बसून तो दुसऱ्या भावाला आपला ग्रंथ आणावयास फर्मावील. ग्रंथाचा त्यांना द्वेष नव्हता. ज्या म्हातारीचे दोन मुलगे मार्गात होते ती दारी भिक्षेला आली आणि देण्यासारखे काहीच नव्हते, तेव्हा समुदायाकडे असलेली नव्या कराराची एकुलती एक पोथी तिला विकण्यासाठी देऊन टाकली. त्या पोथीतच गरिबाला देण्याची आज्ञा आहे, हा त्यांचा विचार. पोथ्यांना जिवापाड जपणाऱ्या आपल्या वाचकांस हे रुचेल की नाही कोण जाणे. पण तिच्यातील आज्ञा पाळण्यासाठी पोथी गेली, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

१२१९ साली नाईल नदीच्या मुखाशी दमिएत्ता येथे ख्रिस्ती व मुसलमान सैन्ये समोरासमोर असताना ते निःशस्त्र जाऊन सुलतान अल्-कामिल यांना भेटले व सुखरूप परत आले. परतले तेव्हा समुदायात फाटाफूट सुरू झाली होती, आणि डोळ्यांचा विकार जडला होता. १२२० च्या मेळाव्यात त्यांनी अधिकार सोडला, पिएत्रो कात्तानी यांच्यापुढे गुडघे टेकले व यापुढे आज्ञेत राहण्याचे वचन दिले. वयाच्या चाळिशीच्या आतच, स्वतः उभारलेल्या समुदायात ते एक साधे भाऊ झाले. ज्या गोष्टी आज्ञेने होत नाहीत त्या आचरणाने दाखवाव्या, बळजोरीचा दंडाधिकारी होऊ नये, असा त्यांचा निश्चय होता. कात्तानी पुढच्याच मार्चमध्ये वारले. मग एलिया नावाचे कर्तबगार भाऊ कारभार पाहू लागले. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी अंतिम नियम मान्य केला. पूर्वीच्या मसुद्यातील पुष्कळ जिव्हाळ्याचा भाग त्यात गाळला गेला.

त्याच वर्षी नाताळात ते ग्रेच्चो या डोंगरी खेड्यात होते. तेथील लोक फार गरीब, पण साधे. म्हणून ते स्थान त्यांना आवडे. त्यांनी तेथे गुहेत गवताची गव्हाण मांडविली, बैल व गाढव आणविले आणि खेडुतांनी मशाली घेऊन रात्र जागविली. १२२४ नंतर प्रकृती झपाट्याने ढासळली. डोळे जवळजवळ गेले. उपाय म्हणून वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने कानशिलाजवळ डाग दिले. तो विस्तव पाहून त्यांनी अग्नीला भाऊ म्हणून सौम्य होण्याची विनवणी केली. १२२५ साली सान दामिआनो येथे अशाच वेदनेत सूर्य, वारा, पाणी, अग्नी व भूमी यांना भाऊबहीण म्हणणारे स्तवन त्यांनी रचले, ते लॅटिनमध्ये नव्हे तर उंब्रियातील लोकभाषेत. म्हाताऱ्या बायकांसाठी मराठीचा आग्रह धरणारे श्रीनागदेवाचार्य येथे कोणाला आठवणार नाहीत?

मृत्यूपूर्वी सांगितलेल्या पत्रात त्यांनी आपण हातांनी काम केले व करू इच्छितो, सर्व भावांनीही करावे, दारिद्र्याला न शोभणारी घरे व देवळे स्वीकारू नयेत आणि रोमकडून सवलती मागू नयेत, असे निक्षून लिहविले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी सायंकाळी पोर्त्सिउंकोला येथे, त्यांच्याच इच्छेवरून उघड्या जमिनीवर निजविलेले असता, त्यांनी देह ठेवला. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस.

कार्डिनल उगोलिनो आता नववे ग्रेगरी या नावाने पोप झाले होते. त्यांनी १६ जुलै १२२८ रोजी फ्रान्सिसांना संत घोषित केले व दुसऱ्याच दिवशी असिसीत त्यांच्यासाठी भव्य देवालयाची पायाभरणी केली. १२३० साली देह तेथे नेला. त्याच वर्षी पोपनी निर्णय दिला की ते शेवटचे पत्र भावांवर बंधनकारक नाही. एजिदिओ त्या नव्या इमारती पाहावयास आला, तेव्हा आता या भावांना बायका तेवढ्या करावयाच्या राहिल्या, असा शेरा त्याने मारला अशी आख्यायिका आहे. तो १२६२ साली पेरुजा येथे वारला.

जुने सोबती एकेक करून जात होते. १२४४ च्या मेळाव्यात आठवणी गोळा करण्याचे ठरले आणि ऑगस्ट १२४६ मध्ये ग्रेच्चो येथून लिओ, रुफिनो व अँजेलो या तिघांनी आपण प्रत्यक्ष पाहिलेले लिहून पाठविले. भुकेला भाऊ, बैल, चोर, छपरावरची कौले हे सर्व मुख्यतः अशा सोबत्यांच्या तोंडून आले आहे. माइंभटांनी दारोदार फिरून लीळा जमविल्या तो काळ यापासून फार दूर नाही. परंतु येथे पुढे वेगळे घडले. १२६६ साली पॅरिस येथील मेळाव्याने बोनाव्हेंचुरा यांनी लिहिलेले नवे चरित्र तेवढे प्रमाण मानून आधीची सर्व चरित्रे नष्ट करण्याचा आदेश दिला. पुष्कळ पोथ्या गेल्या. लिओने काही लिखाण क्लारेच्या भगिनींकडे ठेवले होते. काही इतर पंथांच्या मठांत पडून राहिले. सोबत्यांच्या आठवणींची एक मोठी संहिता पेरुजातील हस्तलिखितात सुरक्षित होती. ती १९२२ साली छापली गेली.